चार बोटं जास्त

पडदेवाल्यांनी उभ्या आयुष्यात एकही पडदा आखूड शिवला नाही. हे ते स्वतःच सांगायचे, आणि ऐकायला गिऱ्हाईक नसलं की बायकोला सांगायचे. खाली दुकान, वर राहती जागा, मधे एक अरुंद जिना. त्या जिन्यावरून खालीवर करण्यातच त्यांचा सगळा संसार झाला. दुकानाच्या काचेवर त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, पण ते कोणी वाचत नसे. सगळ्यांसाठी ते पडदेवालेच होते, आणि त्यांची बायको म्हणजे पडदेवाल्यांकडची ती शिवणारी बाई.

त्यांच्या कलेचं रहस्य सोपं होतं. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन खिडकी मोजायची आणि मापात चार बोटं वाढवायची. शिवणकामात याला माया ठेवणं म्हणतात आणि सगळेच ती ठेवतात. पण बाकीचे एकदाच ठेवतात. पडदेवाले कापड आटतं म्हणून चार बोटं ठेवायचे, मग जमीन कुठेच सपाट नसते म्हणून आणखी चार, आणि शेवटची चार आपली उगाच, मनाला बरं वाटावं म्हणून. हे सगळं कापड खालच्या दुमडीत जाऊन बसायचं. त्यामुळे पडद्याचा काठ जड व्हायचा, पडदा सरळ उभा राहायचा, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, वा, काय वजनदार काम आहे. यावर पडदेवाले मान खाली घालून हसायचे. विनयाचा अभिनय त्यांना छान जमायचा.

हा स्वभाव दुकानापुरता राहिला असता तर कोणाची काही तक्रार नव्हती. पण आभाळ आलं की ते रेनकोट घालून वर छत्री घ्यायचे. रेल्वे पकडायची असली की इतक्या लवकर स्टेशनावर जायचे, की आधीच्या गाडीला निरोप द्यायला आलेल्या लोकांबरोबर त्यांचेही हात हलवून व्हायचे. मुलीच्या लग्नात त्यांनी इतक्या खुर्च्या मागवल्या, की पाहुण्यांनी आपल्या पिशव्यांनाही वेगळी खुर्ची दिली. बायकोने यावरून कधी भांडण काढलं नाही. ती गालात हसायची आणि मशीनवर बसायची. तिला हसू कशाचं येतं, हे विचारायची गरज पडदेवाल्यांना कधी वाटली नाही.

त्यांच्या कीर्तीचा कळस म्हणजे ताईचे पडदे. ताई ही बायकोची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच धाकटीला वाढवलं, तिनेच तिच्या हातात पहिल्यांदा सुई दिली. पुढे ताईचा नवरा अकाली गेला, शाळेतली नोकरी आणि एकुलता मुलगा घेऊन ती नदीपलीकडच्या एका लांबच्या गावी गेली, तिथे घर घेतलं, आणि बैठकीच्या मोठ्या खिडकीसाठी पडदे मागवले. माप तिने स्वतः घेऊन फोनवर सांगितलं. पडदेवाल्यांनी खिडकी न बघता कापड कापलं, बायकोने शिवलं, पार्सल गेलं, आणि काही दिवसांनी ताईचा फोन आला की पडदे अगदी मापात बसलेत. झालं. त्या दिवसापासून दुकानात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला ही कथा ऐकल्याशिवाय सुटका नव्हती. "खिडकी डोळ्यांनी बघितलेली नाही," पडदेवाले सांगायचे, "आणि सूतभर इकडे नाही की तिकडे नाही."

ते पडदे लावलेले बघायला मात्र दोघं कधी गेली नाहीत. दर वर्षी जायचं ठरायचं आणि दर वर्षी एखादी मोठी ऑर्डर आडवी यायची. "पुढच्या वर्षी नक्की," पडदेवाले फोनवर म्हणायचे. तोवर ताईच अधूनमधून येऊन जायची. मग तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि तेही थांबलं.

पुढे पडदेवाल्यांच्या पाठीने असहकार केला आणि दुकान भाच्याने घेतलं. त्यानंतर ते जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून, भाचा किती कमी कापड सोडतो, ते बघत दिवस काढू लागले. मधूनमधून खोकायचेही. भाच्याने बहुधा कुठेतरी नवस केला असावा, कारण शेजारच्या चष्मेवाल्याने नेमकं तेव्हाच आपलं मोटारहोम विकायला काढलं.

मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. पुढे ड्रायव्हरची जागा, मागे दोन पलंग, शेगडी, बेसिन आणि ज्यात वळायचं असेल तर आधी बाहेर यावं लागतं असं एक न्हाणीघर. चष्मेवाल्याने ते मोठ्या हौसेने घेतलं होतं आणि पहिल्याच सहलीत, मोबाइलच्या नकाशावर भरवसा ठेवून, एका बुटक्या पुलाखाली घातलं. मोबाइलला वाटलं, साधी मोटार आहे. पुलाने छतावरचं हवेचं झाकण साफ सोलून काढलं. जन्मभर दुसऱ्यांच्या डोळ्यांवर इलाज करणाऱ्या माणसाला समोरचा अख्खा पूल दिसला नाही, ही बातमी बाजाराला पुष्कळ दिवस पुरली. छत दुरुस्त झालं, नवं झाकण बसलं, पण चष्मेवाल्याच्या बायकोने त्या गाडीत पुन्हा पाय ठेवला नाही.

पडदेवाल्यांनी ती घेतली. आता समुद्र बघू, डोंगर बघू, जग बघू, असं त्यांनी जेवताना जाहीर केलं. बायकोने ताटं उचलता उचलता विचारलं, "ताईकडे जाणार का?"

"जाऊ की."

"जाऊ की नाही. आधी ताई, मग तुमचा समुद्र. तिचा मुलगा तिला परदेशी घेऊन चाललाय, कायमची. घर विकलंय. शनिवारी दुपारी ती निघणार. त्याआधी मला तिच्या घरी जायचंय. एकदा तरी."

बोलता बोलता तिचा आवाज कापला आणि ती ताटं घेऊन आत गेली. पडदेवाल्यांना कसंसंच झालं. इतक्या वर्षांत तिने हट्ट धरून त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. मागून उपयोग नाही, हे बहुधा तिने लग्नानंतर लगेच ओळखलं होतं. "शनिवार कशाला, गुरुवारीच पोचवतो तुला," ते आतल्या दिशेने म्हणाले. वेळेतही त्यांची चार बोटं ठेवून झाली होती.

मोबाइलचा नकाशा वापरायचा प्रश्नच नव्हता. चष्मेवाल्याचं छत डोळ्यांसमोर होतं. म्हणून पडदेवाले रस्ता दाखवणारं खास यंत्र आणायला गेले. दुकानातल्या मुलीने काउंटरवर तीन यंत्रं मांडली. एक साध्या मोटारीचं. दुसरं मोटारहोमचं, त्यात गाडीची उंची, रुंदी, लांबी, वजन भरायचं, की ते बुटके पूल आणि अरुंद गल्ल्या टाळून रस्ता काढतं, शिवाय मुक्काम कुठे करावा, पाणी कुठे भरावं, तेही सांगतं. तिसरं मालट्रकचं.

"तुमच्यासाठी हे मधलं," ती म्हणाली. काच मोठी आहे, उन्हातही दिसते, इंजिनाच्या घरघरीत आवाज ऐकू येतो, नकाशे घरबसल्या ताजे करता येतात, असं सगळं तिने न विचारता सांगून टाकलं. माणसाने विचारावं ते नेमकं हेच होतं. पडदेवाल्यांनी तिन्ही यंत्रं हातात घेऊन उजेडात धरली, मागची बाजू अंगठ्याने चोळून पोत बघितला, आणि विचारलं, "हे आटत नाही ना?"

"काय आटत नाही?"

"काही नाही. त्या ट्रकच्या यंत्रात जास्त काळजी घेतात का?"

"ते ट्रकसाठी असतं, काका. तुम्ही मोटारहोमचंच घ्या. फक्त माप खरं भरा. कमी भरलंत तर छत जाईल. जास्त भरलंत तर उगाच फिरत बसाल."

यातलं छत जाईल एवढंच पडदेवाल्यांच्या कानात शिरलं. मधलं यंत्र घेऊन ते घरी आले.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांची मुलगी सासरहून आली, कारण यंत्रात आकडे भरणं हे तिचं काम. ती पुढे ड्रायव्हरच्या जागी बसली आणि यंत्राला वीज मिळावी म्हणून तिने इंजिन चालू ठेवलं. पडदेवाले मागच्या शिडीने छतावर चढले, टेपचं टोक झाकणाच्या सगळ्यात वरच्या कडेला चिकटवलं, टेप खाली सोडली, आणि उतरून आकडा स्वतः वाचला. माप वाचणं ते कोणावर सोपवत नसत. आकडा वाचल्यावर त्यांनी चाकांत हवा भरली की गाडी वर उचलली जाते म्हणून चार बोटं वाढवली, खड्ड्यात गाडी उसळते म्हणून चार, आणि चष्मेवाल्याचं स्मरण करून आणखी चार. मग ते बायकोला म्हणाले, "तीन मीटर." बायको चालत पुढे गेली आणि तिने तो आकडा इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून मुलीला सांगितला. वजनाचंही असंच झालं. त्यात भरलेली पाण्याची टाकी धरली, बायकोची भांडी धरली, आणि येताना ताई काय काय देईल तेही धरलं.

यंत्रात एक बाई होती. आवाज शांत, शब्द स्वच्छ, चढणं नाही, उतरणं नाही. पहिल्याच दिवशी एक फाटा आला. डावीकडे बाण दाखवणाऱ्या पाटीवर लाटा आणि झाडं काढली होती. बाई म्हणाल्या, उजवीकडे वळा. पडदेवाले उजवीकडे वळले.

"अहो, समुद्र डावीकडे होता. आणि ताईच्या गावाचं नावही त्याच पाटीवर होतं."

"ती पाटी मोटारींसाठी. हिला आपलं माप माहीत आहे."

बायकोने मान वळवून ती मागे पडणारी पाटी बघितली. संसारात प्रथमच पडदेवाले एखाद्या बाईचं मुकाट ऐकत होते, आणि ती डब्यात बसलेली होती.

उजवीकडे सिमेंटचा कारखाना लागला. मग कंटेनरचं आवार, मग पत्र्याच्या गोदामांची रांग, मग मालगाड्यांचं यार्ड. सहलीला निघालेल्या माणसाला जे बघायची कधी वेळ येत नाही, ते सगळं बाईंनी दोघांना तपशीलवार दाखवलं. रस्ते असे रुंद, की पडदेवाल्यांचं घर त्यावर आगपेटीएवढं दिसायचं. पूल इतके उंच, की त्यांच्याखालून जाताना मान वर करूनही त्यांची खालची बाजू नीट दिसू नये. "बघितलंस, किती सुरक्षित रस्ता काढते," पडदेवाले म्हणायचे. सुरक्षित तर तो होताच. त्या रस्त्याने एखादा छोटा डोंगरही सुखरूप नेता आला असता.

मुक्कामाची जागा म्हणून बाईंनी त्यांना ट्रकच्या तळावर नेलं. सकाळी पडदेवाले दार उघडून बाहेर आले तेव्हा दोन्ही बाजूंना प्रचंड ट्रक उभे होते आणि एक ट्रकवाला दात घासत त्यांच्या गाडीकडे बघत होता.

"काय माल आहे?" त्याने विचारलं.

"माल नाही. घर आहे. आम्ही दोघं आहोत."

ट्रकवाल्याने गाडी खालून वर आणि वरून खाली बघितली. त्याला फार वेळ लागला नाही. "मग इकडून कशाला आलात? इकडून आम्हीसुद्धा नाइलाजाने येतो."

"यंत्राने आणलं."

"बरं," ट्रकवाला म्हणाला आणि चूळ भरायला गेला. पडदेवाल्यांनी मनातल्या मनात त्याला अडाणी ठरवलं आणि ते चहा प्यायला आत गेले.

गुरुवार उजाडला तेव्हा ते एका वजनकाट्यासमोर रांगेत उभे होते. शुक्रवारी बाईंनी त्यांना लोखंडाच्या भट्ट्या दाखवल्या. रोज संध्याकाळी बायको ताईला फोन लावायची. "येतोय गं, येतोच आहोत." पलीकडून ताई विचारायची, काय काय बघितलंत. "गोदामं," बायको म्हणायची, आणि फोन ठेवून न जेवता पलंगावर जाऊन बसायची. पडदेवाल्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं. यंत्र काढून फेकावं असं त्यांच्या मनात आलं होतं, पण लगेच ते सोललेलं छतही आलं. पुलाखाली अडकलो तर तिला ताई मुळीच दिसणार नाही, असं ते स्वतःला समजावत होते.

शनिवारची दुपार टळली तेव्हा ते शेवटच्या फाट्यावर आले. ताईच्या गावाची पाटी डावीकडे होती. डावीकडचा रस्ता उतरत उतरत एका जुन्या रेल्वेपुलाखालून जात होता, आणि पुलाच्या पलीकडे नदी, नदीपलीकडे घरांची कौलं दिसत होती. पुलावर गोल पाटी होती: तीन मीटर. बाई म्हणाल्या, सरळ चला. काचेवर नवा रस्ता उमटला. तो नदीच्या काठाकाठाने खूप लांब जात होता, मोठ्या पुलावरून पलीकडे पोचत होता आणि तेवढाच मागे येत होता. खाली लिहिलेलं होतं: रविवारी दुपारी पोचाल.

पडदेवाल्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं आणि चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"गेली असेल ती," ते म्हणाले. "दुपारी निघायची होती ना. मी तुला पोचवू शकलो नाही." त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायचं त्यांनी काही केलं नाही. त्यांना खरोखर लाज वाटत होती.

बायको खाली उतरली, तिने पुलाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, मग खिडकीतून विचारलं, "त्या यंत्रात आपली उंची किती आहे?"

पडदेवाल्यांनी काचेवर बोट दाबून शोधून काढलं. "साडेतीन मीटर."

"साडेतीन कशी? मी तर सव्वातीन सांगितली होती."

"सव्वातीन? मी तुला तीन सांगितली होती."

"तू सव्वातीन का सांगितलीस?" पडदेवाल्यांनी विचारलं.

"तुमच्या मापात मी नेहमीच थोडं घालते."

"माझ्या मापात?"

"तुम्ही घाईत वाचता. दुकान काढलं त्या वर्षी एक पडदा आखूड आला होता. मी खालून पट्टी जोडून दिला. गिऱ्हाइकाला ती नक्षी वाटली. तेव्हापासून तुम्ही सांगाल त्यात मी चार बोटं घालतेच."

पडदेवाले थंड पडले. दुकान काढलं त्या वर्षापासूनची सगळी आयुष्यभराची फुशारकी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली, आणि तिच्या खालच्या काठाला एक जोडलेली पट्टी होती. "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतके खुशीत असायचात. आणि तीन तरी खरी का?"

"म्हणजे... तीनमध्येही थोडं धरलेलं आहे."

बायकोने तिथूनच मुलीला फोन लावला. मुलगी म्हणाली, हो, साडेतीन मीच भरली. तू सव्वातीन म्हणालीस, म्हटलं थोडी जास्त असलेली बरी. वजनही वाढवलंय. का, काही झालं का? "काही नाही," बायको म्हणाली. "वळण घरचंच आहे, दुसरं काय." आणि फोन ठेवला.

तेवढ्यात मागून पाव पोचवणारी एक बंद गाडी आली. ती त्यांच्या घरापेक्षा वीतभर तरी उंच होती. आतला माणूस एका हाताने काहीतरी खात होता. वेग कमी न करता तो पुलाखालून पलीकडे गेला.

बायकोने शिवणाच्या डब्यातून टेप आणली. पडदेवाले शिडी चढले, टोक झाकणाच्या कडेला धरलं, आणि या वेळी खाली आकडा तिने वाचला. मग त्यांना उतरायला लावून तिने टोक धरलं आणि त्यांना वाचायला लावलं. दोन्ही वेळा दोन मीटर पंचाहत्तर आले. पडदेवाले टेपकडे बघत उभे राहिले. गोदामं, भट्ट्या, वजनकाटा, सगळं त्यांना आठवत होतं, आणि रोज संध्याकाळी फोन ठेवल्यावरचं बायकोचं तोंडही.

"आता काय उपयोग," ते म्हणाले. "शनिवारची दुपार गेली."

"बसा गाडीत. ती उद्या सकाळी निघणारे."

"शनिवार म्हणाली होतीस."

"तुम्हाला शनिवार सांगितला होता."

पडदेवाल्यांनी रागवायला तोंड उघडलं. पण रागवायचं कशावर, ते सापडेना. तेच काय ते शहाणपण त्या आठवड्यात त्यांच्या हातून घडलं. "या रविवारात तर काही धरलेलं नाही ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. उद्या सकाळी. त्या बाईच्या रस्त्याने गेलो तर ती खरंच भेटणार नाही."

बायको पुढे चालत गेली, पुलाखाली उभी राहिली, आणि वर बघत हाताने या, या, अशी खूण करू लागली. पडदेवाल्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. त्यांची मान आपोआप खाली गेली होती, जणू त्यांच्याच डोक्याला पूल लागणार होता. यंत्रातल्या बाई म्हणाल्या, मागे वळा. पुन्हा म्हणाल्या, मागे वळा. पडदेवाल्यांनी समोरच्या बाईच्या हातावरची नजर हलवली नाही. वर काही घासलं नाही, काही वाजलं नाही, आणि एकदम काचेवर ऊन आलं. बायको चढून शेजारी बसली. त्यांनी यंत्र बंद केलं आणि विचारलं, "आता कुठे?" ती म्हणाली, नदी ओलांडा आणि शाळेपाशी उजवीकडे. ताईने फोनवर इतक्या वेळा सांगितलेला रस्ता तिला पाठ होता.

ताई काठी टेकत दारात उभी होती. बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून किती रडल्या आणि किती हसल्या, ते पडदेवाल्यांनी गाडीची कुलपं पुनःपुन्हा तपासत बघितलं. मग ताई त्यांच्याकडे वळली. "या पडदेवाले. आलात एकदाचे."

घर रिकामं झालं होतं. भिंतीला लावून खोकी ठेवली होती, फोटोंच्या जागी फिकट चौकोन होते. बैठकीत दोन खुर्च्या, एक बॅग, आणि समोर ती मोठी खिडकी. पडदेवाले आपलं काम बघायला पुढे झाले आणि तिथेच थांबले.

पडदे हातभर लांब होते. खालचं कापड जमिनीवर लोळू नये म्हणून दोन्हींच्या टोकांना मोठमोठ्या गाठी मारल्या होत्या. गाठी धुऊन धुऊन फिक्या पडल्या होत्या आणि इतक्या घट्ट बसल्या होत्या, की त्या बऱ्याच वर्षांत सुटल्या नसाव्यात. सूतभर इकडे नाही की तिकडे नाही, हे वाक्य पडदेवाल्यांना आठवलं. ते किती जणांना ऐकवलं होतं, तेही आठवलं.

"तुम्ही तर म्हणालात मापात बसले," ते ताईला म्हणाले.

"मग काय सांगायचं? इतक्या हौसेने पाठवलेत. आणि चूक माझीही आहे. आखूड नकोत म्हणून माप सांगताना मीही जरा वाढवलंच होतं."

बायकोने कपाळाला हात लावला.

"पण आखूड का नाही करून घेतलेत? हिला सुई तुम्हीच शिकवलीत. एका दुपारचं काम होतं."

"होतं की," ताई म्हणाली. "पण तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी येतो. म्हटलं, येतील तेव्हा तेच करतील. मग दर वर्षी तुम्ही तेच म्हणत राहिलात आणि मी तसेच ठेवले." ती हे अगदी सहज म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि पडदेवाल्यांना तो असता तर बरं वाटलं असतं. ते बाहेर गाडीकडे गेले आणि शिवणाचा डबा घेऊन परत आले.

"राहू द्या हो आता," ताई म्हणाली. "सकाळी घर सोडायचं. नवीन माणसांना हे पडदे हवेत की नकोत, तेही माहीत नाही."

पडदेवाल्यांनी ऐकलं नाही. बायकोने नखाने, दाताने गाठी सोडवल्या. ताई खुर्ची ओढून दोघांच्या मधे बसली आणि सुईत दोरा ओवू लागली. पडदेवाले खुर्चीवर चढले, टेपचं टोक दांडीला लावलं, उतरले, गुडघे टेकून जमिनीपाशी वाकले आणि आकडा वाचला. मग पुन्हा वाचला. मग तो मोठ्याने सांगितला.

बायको खडू हातात धरून थांबली. "हे तुमचं माप की खिडकीचं?"

"खिडकीचं."

तिने ताईकडे बघितलं, ताईने मान हलवली. मग तिने त्या आकड्यावरच रेघ मारली आणि रेघेवरच दुमडून टाचणी लावली.